पारा खाणारे जिवाणू पंचगंगेत सोडले तर?

शिरोळ तालुक्यातल्या, रसायनशास्त्र शिकलेल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "काही जिवाणू पारा खाऊन पाणी शुद्ध करतात असं वाचलं. तसं कल्चर मिळालं तर आमच्या बंधाऱ्यात सोडून उपयोग होईल का? दुसरीकडे उलटंच वाचलं, की जिवाणूंमुळेच पारा जास्त विषारी होतो. मग खरं काय? बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना आहे. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी मासे होतात. तिला द्यावेत का?"

कोल्हापुरात माती-पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर देतो आणि मग कारणं. कल्चर, म्हणजे बाटलीत वाढवलेले जिवाणू, सोडू नका. बहिणीचे मासे बंद करू नका, पण कोणते द्यायचे ते निवडून द्या. आणि तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाऱ्याला भयंकर विष बनवणारे जिवाणूही आहेत आणि त्या विषाची ताकद काढून घेणारेही आहेत. दोघं एकाच नदीत, कधी कधी एकाच मूठभर चिखलात राहतात. कुणाचं चालणार हे त्या चिखलात हवा किती, घाण किती आणि सल्फेट, म्हणजे गंधकाचे क्षार, किती यावर ठरतं. म्हणून माझं लक्ष पाण्यात पारा किती आहे यापेक्षा नदीच्या तळाची अवस्था काय आहे याकडे आधी जातं.

पाऱ्याची तीन रूपं ध्यानात ठेवा. पहिलं थर्मामीटरमधलं, चकचकीत द्रव धातू. हा चुकून पोटात गेला तर जवळजवळ सगळा तसाच बाहेर पडतो, पण त्याची वाफ श्वासातून गेली तर त्यातला सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो. दुसरं रूप क्षारांचं, म्हणजे मर्क्युरिक क्लोराइडसारखं. ते मूत्रपिंडावर घाव घालतं, मात्र आतड्यातून थोडंच शोषलं जातं. तिसरं मिथाइल मर्क्युरी, पाऱ्याला कार्बनचा एक छोटा गट चिकटून झालेलं संयुग. अन्नातून पोटात गेलेलं मिथाइल मर्क्युरी सुमारे ९५ टक्के शोषलं जातं. ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ती जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. त्यामुळे शरीर तिला पोषक द्रव्य समजून मेंदूत जाऊ देतं आणि वारेतून बाळापर्यंतही पोचू देतं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो. या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटत असेल तर याची.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या नदीवर पाऱ्याचा कारखानाच नाही, मग पारा येणार कुठून? त्याला कारखाना जवळ असावा लागत नाही. २०१५ साली जगभरात माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातला ३८ टक्क्यांच्या आसपास लहान सोनेखाणींतून गेला. तिथे सोनं वेगळं करायला पारा वापरतात आणि मग तो जाळून उडवतात. कोळसा जाळण्याचा वाटा एक पंचमांश. पाऱ्याची वाफ कित्येक महिने हवेत फिरते, हळूहळू तिचं क्षारांत रूपांतर होतं आणि ती पावसाबरोबर खाली येते. गगनबावड्याला, राधानगरीला आपल्याकडे पाऊस किती पडतो ते सांगायला नको. शिवाय स्थानिक भर आहेच: फुटलेल्या ट्यूबलाइट, जुने थर्मामीटर, बीपी मोजायची जुनी यंत्रं, दातांत भरलेलं चांदीसारखं मिश्रण, सोनाराच्या दुकानातल्या धुळीतून सोनं काढायची पारा वापरणारी जुनी पद्धत. यातलं बरंच शेवटी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं.

या मार्गांनी नदीत येणारा पारा बहुतेक धातूच्या किंवा क्षारांच्या रूपात असतो, मिथाइल मर्क्युरी म्हणून फारच थोडा. तरीही नदी-तळ्यातल्या मोठ्या माशाच्या मांसातला पारा तपासला तर तो बहुतेक सगळा मिथाइल मर्क्युरीच निघतो. मधल्या मध्ये हे रूपांतर करतं कोण?

त्याचं उत्तर पहिल्यांदा १९६९ साली स्वीडनमधून आलं. तिथल्या तळ्यांतल्या माशांमध्ये मिथाइल मर्क्युरी सापडत होतं. येन्सेन आणि येर्नेलोव या दोघांनी मत्स्यालयाच्या तळाचा गाळ घेतला, त्यात साधा पाऱ्याचा क्षार मिसळला आणि ठेवून दिला. काही दिवसांनी त्यात मिथाइल मर्क्युरी तयार झालेलं होतं. तोच गाळ आधी उष्णतेने निर्जंतुक केला तर मात्र काहीच होत नव्हतं. म्हणजे हे काम जिवंत पेशींचं. १९८५ मध्ये कोंपो आणि बार्था यांनी दाखवलं की खाडीच्या गाळात हे करणारे मुख्यतः सल्फेट-रिड्यूसिंग जिवाणू आहेत. आपण जसा ऑक्सिजन घेतो तसे हे सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. पुढे लोहावर जगणाऱ्या जिओबॅक्टरचा आणि मिथेन तयार करणाऱ्या काही आर्कियांचाही (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) यात हात असल्याचं कळलं. सगळ्यांत समान गोष्ट एकच: हे ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणारे.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने या कामाला लागणारे दोन जनुक शोधले, एचजीसी-ए आणि एचजीसी-बी. दोन्हीपैकी एक जरी काढला तरी त्या जिवाणूचं मिथाइल मर्क्युरी बनवणं थांबतं. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा टप्पा. त्याआधी एखाद्या गाळात हे होऊ शकतं का हे पाहायला दिवसेंदिवस प्रयोग करावे लागत. आता गाळातला डीएनए काढून हे जनुक आहेत की नाहीत ते बघता येतं. गंमत म्हणजे हे जनुक असलेले जिवाणू इतरांपेक्षा जास्त पारा सहन करू शकतात असंही नाही. म्हणजे विषापासून बचाव म्हणून ते हे करत नाहीत. त्यांच्या रोजच्या कार्बनच्या व्यवहारात पारा मध्येच सापडतो आणि त्याला मिथाइल गट चिकटतो, असंच आज दिसतं.

हे जिवाणू राहतात कुठे ते डोळ्यांनी बघता येतं, तुमच्याच बंधाऱ्यावर. उन्हाळ्यात पाणी साठलेलं असताना काठाजवळच्या चिखलात काचेची रुंद नळी हळूच दाबा, वरून बूच लावा आणि उचला. नळीत थर दिसतात. सगळ्यात वर तपकिरी, तांबूस, पातळ साय. त्याखाली राखाडी पट्टा. आणि बोटभर खाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ चिखल. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. त्यातला चिमूटभर चिखल परीक्षानळीत घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. कुजक्या अंड्याचा वास सुटतो, आणि तोंडावर लेड ॲसिटेटची ओली पट्टी धरली तर ती बघता बघता तपकिरी आणि मग काळी पडते. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतो तेव्हा मी त्यांना नळीतला तपकिरी आणि काळ्या थराच्या मधला पट्टा नीट बघायला सांगतो. अगदी वर ऑक्सिजन असतो, तिथे हे जिवाणू चालत नाहीत. अगदी खाली सल्फाइड इतकं असतं की पारा त्यात बांधला जातो आणि पेशीत शिरत नाही. मधल्या पट्ट्यात सल्फेटही पोचतं, अन्नही असतं आणि पाराही मोकळा असतो. मिथाइल मर्क्युरीची भट्टी बहुतेक तिथे पेटते. नदी निरोगी असेल तर हा पट्टा गाळात खोल राहतो. नदीचा ऑक्सिजन संपला की तो वर सरकतो, कधी थेट पाण्यात येतो.

आता आपल्या जिल्ह्याला लागू पडणारी एक परदेशी गोष्ट सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स नावाचा प्रचंड पाणथळ प्रदेश आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या माशांत इतका पारा सापडला की लोकांना ते खाऊ नका असं सांगावं लागलं. पारा येत होता मुख्यतः हवेतून. पण फक्त तेवढ्याने उलगडा होत नव्हता. एव्हरग्लेड्सच्या उत्तरेला उसाची मोठी शेती आहे. तिथल्या जमिनीचा सामू उतरवायला गंधक टाकलं जायचं, आणि त्या शेतांतून निघणाऱ्या पाण्याबरोबर सल्फेट दलदलीत पोचत होतं. जिथे मुळात लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी सल्फेट असायला हवं तिथे ते कितीतरी पटीने वाढलं, आणि सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना मेजवानी मिळाली. पारा आकाशातून पडला, पण त्याला विष बनवायची सोय उसाच्या रानातून झाली.

आपल्याकडे ऊस किती आहे ते तुम्हाला मी काय सांगणार! शिरोळच्या क्षारपड जमिनीत जिप्सम घालतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. सुपर फॉस्फेटमधून, अमोनियम सल्फेटमधून सल्फेट येतं. निचऱ्याच्या पाइपांतून ते ओढ्याला आणि नदीला लागतं. साखर पांढरी करायला गंधकाचा धूर वापरतात. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये सेंद्रिय घाणही भरपूर आणि सल्फेटही. जिप्सम घालू नका असं मी म्हणत नाही. क्षारपड जमीन सुधारायलाच हवी. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: जयंती नाल्यासारख्या नाल्यांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी नदीत आलं की या जिवाणूंना अन्न, सल्फेट आणि ऑक्सिजनमुक्त जागा या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात.

बंधाऱ्याची बाजूही बघा. केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वाहतं पाणी थांबतं. मार्च-एप्रिलपर्यंत घाण खाली बसते, पाणी तापतं, आणि तळाशी ऑक्सिजन राहत नाही. तेरवाड, शिरोळ बंधाऱ्यांपाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वाचून आपण हळहळतो. ते मासे ऑक्सिजनवाचून गुदमरून मरतात, पाऱ्याने नाही. पण ज्या अवस्थेत मासे गुदमरतात त्याच अवस्थेत तळाचे हे जिवाणू जोरात असतात. जलपर्णीचंही तसंच. पानं हिरवीगार दिसतात, पण खाली लोंबणाऱ्या मुळ्यांच्या झुबक्यात गाळ आणि जिवाणूंचा थर साठतो. ब्राझीलमध्ये तरंगत्या वनस्पतींच्या मुळ्यांवर मोजमाप केलं तेव्हा तिथे मिथाइल मर्क्युरी तयार होण्याचा वेग तळाच्या गाळापेक्षाही जास्त आढळला. म्हणून जलपर्णी काढून काठावरच कुजत टाकायची पद्धत मला अजिबात पटत नाही. ती पहिल्या पावसात परत नदीत जाते, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते.

२०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की रानंच्या रानं पाण्याखाली जातात. ताजी पानं, पाचट, माती एकदम बुडते आणि कुजते. नव्या धरणात हेच होतं. कॅनडात ओंटारिओमधल्या प्रायोगिक तळ्यांच्या क्षेत्रात १९९३ मध्ये मुद्दाम एक पाणथळ जागा बुडवून पाहिली, तेव्हा तिथून बाहेर जाणारं मिथाइल मर्क्युरी जवळजवळ ४० पट झालं. पारा नव्याने टाकला नव्हता, फक्त पाणी चढवलं होतं. अशी वाढ काही वर्षांनी ओसरते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणासारख्या जुन्या जलाशयांत तो पहिला जोर कधीच सरलेला असतो.

गाळात तयार झालेलं मिथाइल मर्क्युरी पाण्यात अगदी सूक्ष्म असतं. ते आधी शेवाळात जातं, मग शेवाळ खाणाऱ्या किड्यांत, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, आणि शेवटी मरळीसारख्या शिकारी माशांत. शरीरातून ते फार हळू बाहेर पडतं, त्यामुळे प्रत्येक पायरीवर ते साठत जातं. मोठ्या शिकारी माशात ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा दहा लाख पट असू शकतं. म्हणून "आमच्या नळाच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ०.००१ मिलिग्रॅम पारा एवढं आहे, आणि बहुतेक पाणी त्यात बसतं. धोका पेल्यात नसतो, ताटात असतो.

इथे मिनामाताबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण जिवाणूंच्या करामतीचं उदाहरण म्हणून तेच दिलं जातं. जपानमधल्या त्या गावात १९५६ मध्ये आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. तिथल्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरत, आणि मिथाइल मर्क्युरी त्या प्रक्रियेतच तयार होऊन सांडपाण्यातून थेट उपसागरात जात होतं. १९३२ पासून १९६८ पर्यंत ते चालू होतं. त्या विषाचा दोष जिवाणूंच्या माथी मारणं म्हणजे कारखान्याला मोकळं सोडणं, आणि ते मला मान्य नाही. तिथली सफाईही लक्षात घेण्यासारखी आहे: उपसागरातला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून, भराव घालून बंदिस्त करावा लागला आणि ते काम १९९० पर्यंत चाललं.

आता दुसऱ्या बाजूचे जिवाणू, ज्यांच्याबद्दल तुम्ही उत्साहाने विचारलं आहे. लहानपणी गुडघा फुटला की लावायचं लाल औषध आठवतं? मर्क्युरोक्रोम, म्हणजे पाऱ्याचंच संयुग. दवाखान्यांत पाऱ्याची अशी जंतुनाशकं वर्षानुवर्षं वापरली गेली आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू सापडू लागले. त्यांच्याकडे 'मेर' नावाचा जनुकांचा संच असतो. त्यातला मेर-आर पारा आल्याची चाहूल घेतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. मेर-बी मिथाइल मर्क्युरीमधला कार्बन आणि पारा यांचा बंध तोडतो. मेर-ए क्षारातल्या पाऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन धातूचा पारा बनवतो, आणि तो वाफ होऊन पेशीबाहेर निघून जातो. असे जिवाणू कारखान्याच्या नाल्यात, समुद्रात, साध्या शेतातल्या मातीतही सापडतात.

प्रयोगशाळेत हे फार सुंदर दिसतं. लहान खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणू आणि पाऱ्याचा क्षार घालायचा, अंधाऱ्या खोलीत वर एक्स-रे फिल्म पालथी ठेवायची आणि थोड्या वेळाने ती धुवायची. ज्या खळग्यातला जिवाणू पारा उडवतो, बरोबर त्याच्यावर फिल्मवर काळपट धुरकट गोल उमटतो, कारण वर आलेली पाऱ्याची वाफ फिल्मवरच्या चांदीच्या क्षारावर क्रिया करते. बाकीचे खळगे कोरे. ती फिल्म उजेडात धरली की विद्यार्थ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण तीच फिल्म तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देते. पारा संपला नाही, वर गेला. तो मूलद्रव्य आहे, कोणताही जिवाणू त्याला खाऊन संपवू शकत नाही. बंधाऱ्यातून उडालेला पारा हवेत फिरून कुठेतरी पावसाबरोबर उतरणारच. ही पहिली अडचण. दुसरी अशी की मेर जनुक बहुतेक वेळा पारा बराच असेल तेव्हाच जागे होतात, आणि मेर-एला चालायला साधारणपणे ऑक्सिजन असलेल्या पेशी सोयीच्या पडतात. जिथे मिथाइल मर्क्युरी बनतं त्या काळ्या चिखलात बाटलीतले जिवाणू टिकतच नाहीत, तिथले मुरलेले रहिवासी त्यांना उभं राहू देत नाहीत. तिसरी अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. हे जनुक बऱ्याचदा उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर असतात. त्यातला टीएन-२१ नावाचा एक तुकडा प्रसिद्ध आहे, कारण त्यावर पाऱ्याच्या प्रतिकाराबरोबर अँटिबायोटिकला दाद न देण्याचे जनुकही असतात. ज्या नदीत दवाखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी आधीच मिसळतं, तिथे असा जिवाणू लिटरच्या लिटर ओतणं मला धोक्याचं वाटतं. कुणी बाटली विकायला आलं तर त्यात नेमका कोणता जिवाणू आहे, त्याचे जनुक तपासले आहेत का आणि उडालेल्या पाऱ्याचं काय होतं, एवढं विचारा.

या जिवाणूंचा चांगला उपयोग होतो तो बंद टाकीत. जर्मन संशोधकांनी क्लोर-अल्कली, म्हणजे मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या, कारखान्याच्या सांडपाण्यासाठी अशी रिॲक्टर-टाकी चालवून दाखवली. आत भरलेल्या माध्यमावर जिवाणूंचा थर वाढतो, पाणी त्यातून जातं, आणि बनलेला धातूचा पारा बारीक थेंबांच्या रूपात आतच अडकतो. नंतर तो काढून घेता येतो. सांडपाणी एका नळातून येतं, त्यात पारा भरपूर असतो आणि बाहेर जाणाऱ्या हवेवर पहारा ठेवता येतो, म्हणून ते जमतं. नदीत यातलं काहीच नाही.

मग नदीसाठी काय करता येतं? एक आशादायक पुरावा आहे आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. त्याच कॅनडातल्या प्रायोगिक क्षेत्रात एका तळ्यावर आणि त्याच्या पाणलोटात ओळखू येतील असे पाऱ्याचे वेगवेगळे समस्थानिक (वजनाने किंचित वेगळे असलेले पाऱ्याचे अणू) काही वर्षं टाकले आणि मग थांबवले. तळ्यात थेट पडलेला नवा पारा मिथाइल मर्क्युरी बनून झपाट्याने माशांत पोचला. पण टाकणं थांबवल्यावर त्या पाऱ्यापासून बनलेलं मिथाइल मर्क्युरी माशांतून अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागलं. जुना पारा गाळात बांधला जातो, ताजा पारा जिवाणूंच्या हाती सहज लागतो. म्हणजे आज एक ट्यूबलाइट फोडून गटारात टाकणं, एक थर्मामीटर बेसिनमध्ये धुणं, हे फुटकळ वाटलं तरी तो ताजा पारा असतो. थर्मामीटरमध्ये अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. एक ग्रॅम पाण्यात पूर्ण मिसळला असं धरलं तर दहा लाख लिटर पाणी मानकाच्या टोकाला जाईल. घरात फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करून झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा आणि घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनात द्या.

दुसरं काम ऑक्सिजनचं. सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदीत न येणं, उन्हाळ्यात बंधाऱ्यातून थोडं पाणी वाहतं ठेवणं, जलपर्णी नदीपासून लांब नेऊन कंपोस्ट करणं. यातलं काहीही पाऱ्याच्या नावाने केलं जात नाही, पण मिथाइल मर्क्युरीवर याचा मोठा परिणाम होतो. काही ठिकाणी तळ्यांच्या तळाशी नायट्रेट किंवा ऑक्सिजन सोडूनही हे रूपांतर रोखलं आहे. जिवाणू आधी नायट्रेट वापरतात, सल्फेटपर्यंत पोचतच नाहीत. नदीत मात्र नायट्रेट ओतायचं धाडस कुणी करू नये.

भाताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वरच्या तालुक्यांतले लोक विचारतील. तुंबलेल्या खाचरातही मिथाइल मर्क्युरी बनतं आणि दाण्यात उतरतं, हे चीनमधल्या ग्वेइचौ प्रांतात वानशानच्या पाऱ्याच्या खाणीजवळ सिद्ध झालं आहे. आपल्याकडे तशी खाण नाही, तेव्हा भाताला घाबरू नका. अधूनमधून खाचर कोरडं पडू देणं याही दृष्टीने चांगलंच.

आता बहिणीबद्दल. मासे बंद करू नका, कारण बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं आणि प्रथिनं त्यातून मिळतात. निवड करा. समुद्राचे घ्यायचे तर तारली, बांगडा, मांदेली यांसारखे लहान, कमी वर्षं जगणारे घ्या. मोरी म्हणजे शार्क, तलवार मासा, मोठा ट्यूना हे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळा. गोड्या पाण्यातले रोहू, कटला हे वनस्पती आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे. मरळ, वाम हे शिकारी, त्यात साठवण जास्त. नाल्याच्या तोंडाशी किंवा घाण साठलेल्या बंधाऱ्यातला मासा तिला देऊच नका. तिथे पाऱ्याशिवाय बाकीही बरंच असतं. तळून, उकळून, चिंच-कोकम लावून मिथाइल मर्क्युरी कमी होत नाही. ते चरबीत नसून मांसाच्या प्रथिनात बांधलेलं असतं, म्हणून कातडी किंवा चरबी काढूनही उपयोग नाही. शरीरातला त्याचा निम्मा भाग बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे आतापासून निवडून खाल्लं तरी फायदा होतो. आधी काय खाल्लं याची भीती तिच्या डोक्यात घालू नका. डॉक्टरांनी तपासणी सुचवली तर रक्त किंवा केसाची करावी. लघवीच्या तपासणीत वाफेचा आणि क्षारांचा पारा कळतो, माशातला नीट कळत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे त्याच्या तुकड्यांवरून मागच्या महिन्यांचा हिशेबही लागतो.

तुम्ही रसायनशास्त्र शिकलेले आहात आणि बंधारा तुमच्या दारात आहे, म्हणून शेवटी एक काम सुचवतो. गावातल्या मुलांना घेऊन नमुने गोळा करा. नुसतं पाणी बाटलीत भरून पाठवू नका, आणि साध्या प्लास्टिकच्या बाटलीत तर नकोच, कारण पाऱ्याची वाफ त्यातून आरपार जाते. मे महिन्यात, बरगे काढायच्या आधी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठापासून थोडं आत जाऊन गाळाचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर घ्या आणि आम्लाने धुतलेल्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही. त्याच जागेची एक मोठी मरळ आणि त्याच दिवशीचे दहा-बारा लहान मासे घ्या. प्रत्येकाची लांबी आणि वजन लिहून ठेवा, कारण त्याशिवाय आकड्यांची तुलना करता येत नाही. पाठीचं मांस काढून बर्फात ठेवा. प्रयोगशाळेकडे एकूण पारा आणि मिथाइल मर्क्युरी दोन्ही मागा. गाळात मिथाइलचा वाटा सहसा एक टक्क्याच्या आसपास असतो. तो त्याच्या बराच वर निघाला तर चिखलातली भट्टी पेटलेली आहे असं समजा, आणि मग नाल्याच्या पाण्याचे नमुने घेत वरच्या अंगाला चालत या.